त्रेचाळीस भागिले आठ

१६ जून १९७४, रविवार, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. कारंज्यातील आमच्या धान्य-कापसाच्या दुकानामागील अंगणात, मोठ्या आईच्या शिवणकामाच्या टेपने, जीपच्या नव्या टायरचा परीघ मी मोजला. तो शंभर इंचांवर अर्धा इंच, म्हणजे साडेशंभर, भरला. भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या टायरचा परीघ अठ्ठ्याऐंशी इंच होता. टेप साठ इंचांची असल्यामुळे प्रत्येक टायर दोन टप्प्यांत मोजावा लागला, आणि दोन टप्प्यांच्या मधल्या वेळेत मोठ्या आईचा आक्षेप ऐकून घ्यावा लागला.

"चिखलानं भरवू नको वं माही टेप. पोलक्याले लावतो मी थे."

मोठी आई आणि मोठे बाबा म्हणजे माझी थोरली काकू आणि थोरले काका. दुकान, शेती, जीप आणि घरातील सर्व माणसांचे भवितव्य मोठ्या बाबांच्या अखत्यारीत येई. माझे वडील दुकानाच्या गल्ल्यावर बसत, आणि त्यांचे मत मोठ्या बाबांच्या मताशी नेहमी समप्रमाणात असे. मी त्याच वर्षी अकोल्याहून पदार्थविज्ञानात बी.एस्सी. होऊन परतले होते, पहिल्या वर्गात. मला नागपूरला एम.एस्सी. करायचे होते. प्रवेशाची मुदत जुलैच्या अखेरीस संपणार होती, आणि मोठ्या बाबांचा होकार अद्याप मिळालेला नव्हता.

त्यांचा नकारही मिळालेला नव्हता, कारण ते कोणत्याही मालाला सरसकट नाही म्हणत नसत. व्यापारातील त्यांचे एकच तत्त्व होते : आधी नमुना, मग माल. पोत्यात परखी नावाची टोकदार लोखंडी नळी खुपसायची, तिच्यातून आलेले मूठभर दाणे तळहातावर पसरायचे, एक दाणा दाताखाली फोडायचा, आणि मग उरलेल्या गाडीभर पोत्यांविषयी बोलायचे. हे तत्त्व त्यांनी जावई निवडताना, वैद्य बदलताना आणि घराला रंग देतानाही वापरले होते. (रंगाच्या बाबतीत आमच्या घराची एक भिंत कित्येक वर्षे नमुना म्हणूनच हिरवी राहिली.) माझ्याबाबत त्यांचे म्हणणे असे :

"बी.एस्सी. झाली, चांगली झाली. नमुना पास हाय. मंग आता पुरं पोतं उघडून कायले पाहाव?"

या युक्तिवादात दोष आहे हे मला कळत होते. नमुना पास झाल्यावर माल उचलायचा असतो, पोते शिवून ठेवायचे नसते. परंतु मोठ्या बाबांशी धान्याच्या उपमेत वाद घालणे म्हणजे माशाशी पाण्यात वाद घालणे होते. मला दुसरे क्षेत्र हवे होते. ते जीपने पुरवले.

जीप सैन्याच्या लिलावातून फिरत फिरत आमच्याकडे आलेली होती. पावसाळ्यात खेड्यापाड्यांत जाऊन माल पाहायचा तर तिच्याशिवाय गत्यंतर नव्हते. पण आमच्याकडच्या काळ्या मातीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल पडतात, की मागच्या पावसाळ्यात जीपची चाके चाकोरीत आणि पोट मधल्या वरंब्यावर, अशी ती तीन वेळा अधांतरी बसली. चाके मजेत फिरत राहिली आणि मोठे बाबा स्थिर राहिले. म्हणून त्यांनी मोठे टायर आणले. मोठ्या टायरने जीप दोन इंच उचलली गेली, पोट वरंब्याला लागेनासे झाले, आणि एवढ्यापुरता त्यांचा निर्णय शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होता.

दोष अन्यत्र उगवले. चौथा गियर शोभेचा झाला. चढावर जीप धापा टाकू लागली, आणि पोती भरून निघताना क्लचमधून असा वास येई की मोठी आई स्वयंपाकघरात दूध पाहायला धावे. त्यातच मोठ्या बाबांना आढळले की पेट्रोल जास्त जळते. मीटरवरचे मैल आणि टाकीतले पेट्रोल यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी एस.टी. स्टँडजवळच्या मिस्त्रीला बोलावून विचारले, "काय गा, पेट्रोल कोन पिऊन राह्यलं?"

मिस्त्री हा आमच्या जीपचा वैद्य, ज्योतिषी आणि भाट होता. प्रत्येक बिघाडाचे निदान तो कान देऊन करी, आणि निदान चुकले तर गाडीने आवाज बदलला असे सांगे. तो दुखावला. "शेठ, कसम घ्या. माह्या घरी चूल बी लाकडाची हाय. मी पेट्रोल नेऊन कायले करू?"

मग मी टेप मागितली, आणि त्यातून वर सांगितलेली दोन मापे निष्पन्न झाली. मीटर चाकाने कापलेले अंतर मोजत नाही, तर इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या फेऱ्या मोजतो. चाक मोठे झाले तर एका फेरीत जीप अधिक पुढे जाते, आणि बिचाऱ्या मीटरला त्याची वार्ताही नसते. अठ्ठ्याऐंशीला साडेशंभराने भागले की गुणोत्तर अगदी थोड्या फरकाने सात-अष्टमांश येते. म्हणजे जीप चाळीस मैल चालली तर मीटर पस्तीस दाखवणार. रस्त्यावरच्या दगडांशी ताडून पाहिले, तसेच निघाले. पेट्रोल कोणी प्यायले नव्हते. मैल गळत होते.

मोठ्या बाबांनी उपरण्याच्या टोकाने मीटरची काच पुसली. मापात खोट असूनही ती कोणाची नियत नसून भूमिती आहे, हा अनुभव त्यांना नवा होता.

"बरं," ते म्हणाले, "चोर सापडला. आता गाडीची धाप काहून लागते थे सांग."

"मोठे चाक म्हणजे लांब टांग," मी म्हटले. "बैल तोच, ताकद तीच, पण त्याला तुम्ही लांब टांग टाकायला लावलीत. प्रत्येक टांगेमागे जोर कमी पडतो. धुऱ्याच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, पोटात दोन दातेरी चाके असतात, लहान पिनियन आणि मोठे क्राउन. त्यांच्या दातांचे प्रमाण बदलले, की इंजिन एका टांगेमागे जास्त वेळा फिरेल. म्हणजे एका टांगेमागे जास्त बैल."

"बैल न घेता बैल वाढते?"

"तेवढ्या प्रमाणात वेग घटतो."

"हां. म्हंजे व्यवहार हाय. फुकट काई नाई."

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम इतक्या कमी वेळात आणि इतक्या समाधानाने आत्मसात करणारा विद्यार्थी मी त्यानंतरही पाहिलेला नाही.

तिथेच, अंगणात, सौदा ठरला. चातुर्मासासाठी शिरपूरच्या जैन तीर्थात मुनिमहाराज येणार होते. आमच्या घरी सूर्यास्तानंतर अन्नाचा कण तोंडात जात नसे, आणि या नियमाला प्रवास, आजारपण किंवा लग्नाची वरात यांपैकी कशाचाही अपवाद नव्हता. मोठे बाबा म्हणाले, "दुपारी इथून निघू. सूर्य बुडाच्या आंदी शिरपूरले पोचून तिथंच जेवू. भर पावसाळ्यात तुया हिशेबानं गाडी पोचली त तू नागपूरले जाय. नाई पोचली त इथल्या शाळेत मास्तरीण व्हाय. मंजूर?"

मी मंजूर म्हटले. मोठ्या आईने चुलीजवळून विचारले, "अन् मले उपास पडला त मी काय व्हाव?"

दातांची निवड त्याच अंगणात, कडुलिंबाखाली, मोठे बाबा आणि मिस्त्री यांच्यासमोर झाली. आमच्या जीपच्या क्राउनला एकोणचाळीस दात होते आणि पिनियनला आठ. एकोणचाळीस भागिले आठ, चार पूर्णांक आठशे पंच्याहत्तर. नव्या टायरवर जुनी ताकद परत हवी असेल तर हा आकडा साडेपाचाच्या थोडा वर जायला हवा होता. मिस्त्रीने सांगितले की साध्या, म्हणजे सैन्यात न गेलेल्या जीपमध्ये त्रेचाळीस आणि आठ असे दात असतात आणि ती जोडी अकोल्याच्या भंगारात मिळते. त्रेचाळीस भागिले आठ, पाच पूर्णांक तीनशे पंच्याहत्तर. हवे त्यापेक्षा किंचित कमी, पण जुन्या ताकदीच्या शंभरातले शहाण्णव भाग परत येत होते.

मिस्त्रीचे मन मात्र तिसऱ्याच जोडीवर जडले होते. "त्याच्यापेक्षा माह्याजवळ टरकचं हाय, ताई. सदतीस-सहा. डोंगर चढन, डोंगर!"

"ते जीपच्या पोटात बसेल?"

"बसवू ना. खराद मारून कापू."

"क्राउनला की जीपला?"

"जे आडवं येईन त्याले."

मी कागदावर आकडेमोड केली. इंजिनच्या ज्या आवाजात मोठ्या टायरची जीप जुन्या दातांवर ताशी पन्नास मैल धावली असती, त्याच आवाजात ती त्रेचाळीस-आठवर सुमारे पंचेचाळीस धावणार होती आणि ट्रकच्या दातांवर चाळीससुद्धा नाही. ट्रकचे दात आम्हाला कोणत्याही चिखलातून बाहेर काढतील, पण शिरपूरला दिवेलागणीनंतर नेतील. एकोणचाळीस-आठ वेगवान खरे, पण ते चिखलातून निघणारच नाहीत. एकीकडे चिखल आणि दुसरीकडे सूर्यास्त, या दोहोंच्या मध्ये त्रेचाळीस-आठ ही एकच जोडी उभी होती. गियरच्या निवडीत जठराग्नीचा विचार करावा लागतो, हे मला अकोल्यात कोणी शिकवले नव्हते.

"त्रेचाळीस-आठ," मी म्हटले. "आणि दोन संच. एक मागच्या धुऱ्याला, एक पुढच्या. दोन्ही धुऱ्यांचे प्रमाण सारखेच हवे."

"दोन," मोठ्या बाबांनी मान डोलावली. मान डोलावणे आणि खरेदी करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, याची नोंद मी तेव्हा घ्यायला हवी होती.

अकोल्याच्या भंगार बाजारात आम्ही तिघे गेलो. दुकानदाराने लोखंडाच्या ढिगातून तेलाने माखलेली दोन क्राउन आणि दोन पिनियन काढून फळीवर मांडली. मी दात मोजले, कुठे तुटलेले नाहीत हे पाहिले आणि बाजूला झाले, कारण यानंतरचा भाग आमच्या भागातील जुन्या बाजाररीतीने व्हायचा होता. मोठ्या बाबांनी उपरणे पुढे केले, दुकानदाराने त्याखाली हात घातला. या रीतीत भाव तोंडाने बोलत नाहीत. जितकी बोटे धरली तितका आकडा, आणि आजूबाजूच्या कोणालाही काही कळता कामा नये. उपरण्याखाली काही काळ दोन उंदीर झुंजत असल्यासारखी हालचाल झाली. दुकानदाराच्या चेहऱ्यावर वेदना उमटली, मोठ्या बाबांच्या चेहऱ्यावर करुणा. शेवटी उपरणे शांत झाले. मोठ्या बाबांनी एक क्राउन आणि एक पिनियन उचलून मिस्त्रीच्या हातात दिले.

"आणि दुसरा संच?" मी विचारले.

"हा नमुना हाय."

"मोठे बाबा, धुऱ्यांचा नमुना घेता येत नाही. दोन्ही एकदम बदलावे लागतात."

"पोरी, पन्नास वर्षांत मी नमुना पाह्यल्याबिगर माल उचलला नाई. हे मांगं लावू. बराबर चाललं त दुसरं नेऊ. तो काय पळून जाऊन राह्यला?" दुकानदाराने आपण पळून जात नसल्याची ग्वाही दिली.

संच मागच्या धुऱ्यात बसला. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर चाचणी झाली, आणि दुर्दैवाने ती उत्कृष्ट झाली. पोती भरलेली जीप क्लचचा वास न येता निघाली, चढ तिसऱ्या गियरमध्ये चढली आणि सपाटीवर चौथा गियर कामाला लागला. मोठे बाबा लहान मुलासारखे हसत होते. साधे कारण होते : सुक्या रस्त्यावर जीपची फक्त मागची चाके ओढतात. पुढची चाके ओढायला लागतात ती चिखलात, बाजूचा लहान लिव्हर ओढल्यावर. नमुना पास झाला होता, कारण ज्या ठिकाणी तो नापास झाला असता तिथे तो नेलाच नव्हता.

"आता दुसरा संच आणू या," मी म्हटले.

"नमुना पास झाल्यावर कोनी दुसरा नमुना आनते काय?"

मी समजावले. लिव्हर ओढला की पुढची आणि मागची चाके एकाच दांड्यावर बांधली जातात. मागची चाके दहा हात जातील तेवढ्यात पुढच्यांना अकरा हात जायचे असेल, कारण त्यांचे दात जुने. मिस्त्रीने मला उदारपणे अर्धा पाठिंबा दिला. "ताईचं खरं हाय, शेठ. पन चिखलात चाकं घसरतेच. तो एक हात चिखलात जिरून जाईन." हे बरोबर होते, आणि म्हणूनच घातक होते. मी एवढेच पदरात पाडून घेतले, की चिखल संपताक्षणी, कडक रस्त्याला चाक लागण्यापूर्वी, लिव्हर परत ढकलायचा.

"लिव्हर मी पाह्यतो," मोठे बाबा म्हणाले.

चातुर्मास लागला, आणि एका दुपारी आम्ही निघालो. मोठे बाबा गाडी चालवायला, शेजारी मिस्त्री, मागे मोठी आई, मी, जेवणाचे डबे आणि गाळलेल्या पाण्याच्या दोन कळशा. एक कळशी माणसांसाठी होती आणि एक रेडिएटरसाठी. मोठ्या आईच्या मते न गाळलेल्या पाण्यातले जीव माणसाच्या पोटात मेले काय आणि इंजिनात उकळून मेले काय, पाप सारखेच. मिस्त्रीने कळशीवरचे पांढरे गाळणे पाहिले आणि हात जोडले. "तुमची गाडी जैन झाली, शेठ. गाळलेलं पानी पिते, दिवस बुडाल्यावर चालत नाई. आता फक्त पेट्रोलचा उपास धराले लावा, म्हंजे तुमची काळजी मिटली."

मंगरूळपीरपर्यंत गणित माझ्या बाजूने होते. वेळ हाताशी होता, ऊन-पावसाचा खेळ चालू होता, जीप चढ सहज घेत होती. मी मनातल्या मनात नागपूरच्या वसतिगृहात खोलीही निवडली. तेवढ्यात मोठ्या बाबांनी गाडी मुख्य रस्त्यावरून खाली उतरवली.

"कुठे?" मी ओरडले.

"आसेगावच्या अंगाले एकाची ज्वारी हाय. पेवात ठेवेल. नमुना पाहून घेतो, पाच मिनिटाचं काम."

पाच मिनिटांचे काम अर्ध्या तासाचे झाले. ज्वारी नापास झाली. परतीच्या वाटेवर तोवर एक सर येऊन गेली होती आणि काळी माती खिरीसारखी झाली होती. मोठ्या बाबांनी लिव्हर ओढला. चारही चाके चिखल उडवत ओढू लागली, वरंबे पोटाखालून बिनबोभाट सरकले, आणि ज्या ठिकाणी मागच्या वर्षी आम्ही बैलजोडीची वाट पाहत बसलो होतो तिथून जीप हत्तीणीच्या चालीने बाहेर पडली. मोठे बाबा इतके खूश झाले की मागे वळून मला म्हणाले, "पाह्यलं? एका संचात!" आणि हे म्हणण्याच्या नादात जीप कडक मुरमाच्या रस्त्यावर आली, चांगली फर्लांगभर पुढे गेली, आणि लिव्हर तसाच राहिला.

आधी जीप कण्हली. मग तिने एक लहानशी उडी मारली. मग स्टिअरिंग जड झाले आणि तिची चाल पायात बेडी घातलेल्या गाढवासारखी झाली. मोठ्या बाबांनी लिव्हर ढकलला. तो हलला नाही. मिस्त्रीने दोन्ही हातांनी ढकलला, मग पायाने, मग हातोडा मागितला.

"हातोड्याने नाही होणार," मी म्हटले. "पुढची चाके पळताहेत, मागची त्यांना धरून ठेवताहेत. दांडा पीळ घातल्यासारखा ताणला गेलाय. तो पीळ उलगडायला हवा. गाडी मागे घ्या."

"थोडी पुढं नेली त सुटन," मिस्त्री म्हणाला.

"पुढे नेली तर आणखी ताणेल. जितके पुढे आलो, तितका पीळ वाढला. मागे घ्या, थोडीशी, आणि घेता घेता लिव्हर ढकला."

"नाई," मोठे बाबा म्हणाले.

"का नाही?"

"दर्शनाले निघालेली गाडी मागं घेत नसते."

हे अनपेक्षित होते. माझ्या सर्व समीकरणांत घर्षण होते, भार होता, चिखल होता, पण ही संज्ञा कुठेच नव्हती. मी सांगितले की आसेगावच्या ज्वारीसाठी आपण वाट सोडलीच होती. ते म्हणाले, ती वाट वळली होती, मागे गेली नव्हती. दोघांनी मिळून जीप आणखी पुढे ढकलायचा प्रयत्न केला, आणि पीळ प्रामाणिकपणे वाढत गेला. बाजूच्या कपाशीत निंदणाऱ्या बाया काम थांबवून बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं वो शेठ?" एकीने विचारले.

"काई नाई, गाडी थंडी होऊन राह्यली."

"थंडी नाई, शेठ. रुसली थे," दुसरी म्हणाली. "लुगडं घेऊन द्या तिले."

बांधावर हशा पिकला. सूर्य त्या बायांच्या डोक्यामागे बराच खाली आला होता, आणि त्याच्यासोबत नागपूरही. मी शेवटचा उपाय म्हणून पिळाचे गणित पुन्हा एकदा मांडायला सुरुवात केली. तेव्हा मोठी आई उठली, जेवणाचा डबा काखेत घेतला आणि जीपमधून खाली उतरून शिरपूरच्या दिशेने चालू लागली.

"कुठं चालली?" मोठ्या बाबांनी विचारले.

"दर्शनाले," ती न थांबता म्हणाली. "दर्शनाले मी निघालो, गाडी नाई. मी पुढं जाऊन राह्यलो. तुमची गाडी घ्या मांगं का घ्या आडवी. मले पाप नाई अन् गाडीले पुण्य नाई."

शास्त्रार्थ संपला. मोठ्या बाबांनी उलटा गियर टाकला. जीप जेमतेम बैलगाडीच्या लांबीएवढी मागे आली, आत काहीतरी 'खट्ट' झाले आणि लिव्हर बोटाच्या स्पर्शाने सरकला. बांधावरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री म्हणाला, "मी तेच म्हनत होतो." त्याने तसे म्हटल्याचे कोणाच्याही स्मरणात नव्हते.

मोठ्या आईला रस्त्यात गाठून आम्ही पुढे धावलो. नवे दात त्यांचे काम चोख करत होते, पण गेलेला वेळ कोणत्याही प्रमाणाने परत येत नाही. शिरपूर अजून दहा-बारा मैलांवर असताना सूर्य क्षितिजापासून बोटभर उरला. मोठ्या आईने जीप थांबवायला लावली, बॉनेटवर फडके पसरले आणि डबे उघडले. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या, गरम बॉनेटवर पुन्हा गरम झालेल्या पुऱ्या, मोठ्या बाबांच्या आयुष्यातील सर्वांत वेगवान गतीने खाल्ल्या. पाणी पिऊन तोंड पुसले आणि सूर्य बुडाला. नियम पाळला गेला. पैज मी हरले.

जीप पुन्हा निघाली. मी शाळेतल्या मास्तरणीच्या नोकरीचा विचार करत होते. तो मी अत्यंत शास्त्रीय अलिप्ततेने करत होते, आणि तरीही मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.

शिरपूरची वेस आली तेव्हा मोठी आई म्हणाली, "एक इचारू?"

"इचार," मोठे बाबा म्हणाले.

"गिऱ्हाइकानं दोन पोते सांगतले, अन् तुमी एकच धाडलं, अन् त्याच्या घरी लग्नात जेवन पुरलं नाई. मंग खोट कोनाची? सांगनाऱ्याची का धाडनाऱ्याची?"

मोठ्या बाबांनी गियर बदलला.

"पोरीनं दोन सांगतले होते. मी चुलीजवळ होतो, पन आयकून होतो. अर्धा माल तुमी घेतला, अन् हारली थे?"

मिस्त्रीने खोकल्याचे निमित्त करून बाहेर पाहिले. मोठ्या बाबांच्या दुकानात वजनाच्या तक्रारी येत नसत आणि याचा त्यांना अभिमान होता. त्या रात्री धर्मशाळेत ते लवकर झोपायला गेले, पण झोपले नाहीत असे मोठ्या आईने सांगितले.

सकाळी दर्शन झाले. मंदिराबाहेर पायऱ्यांवर मी चपला घालत होते, तेव्हा मोठे बाबा शेजारी येऊन बसले. समोर नारळ विकणारा, फुले विकणारी, यात्रेकरू. मोठ्या बाबांनी उपरणे हातावर टाकले आणि हात माझ्याकडे केला. मला क्षणभर कळले नाही. या उपरण्याखाली आमच्या घरातील कोणत्याही बाईचा हात कधी गेलेला नव्हता. मी हात घातला.

त्यांनी माझी दोन बोटे धरून दाबली. दोन संच. मग थोडे थांबून तीच दोन बोटे पुन्हा दाबली, आणि या वेळी डोळ्यांनी ईशान्येकडे, नागपूरच्या दिशेला, खूण केली. एम.एस्सी.ची वर्षे दोनच असतात.

माझ्या डोळ्यांत पाणी आले होते, पण उपरण्याखालचा व्यवहार डोळ्यांनी होत नाही. मी त्यांची पाचही बोटे धरली आणि घट्ट दाबली. दोन एम.एस्सी.ची आणि पुढच्या संशोधनाची तीन.

मोठ्या बाबांनी झटक्याने हात काढून घेतला. "अबब! लय तेज भाव लावते हे पोरगी," ते नारळवाल्याला म्हणाले. नारळवाल्याला काहीच कळले नाही, आणि हाच त्या रीतीचा उद्देश होता. पाच त्यांनी मान्य केले नाहीत. नाकारलेही नाहीत. "आधी दोनाचा नमुना पाहू," एवढेच म्हणाले.

दुसरा संच आणायला ते एकटेच अकोल्याला गेले. दुकानदार खरेच पळून गेला नव्हता. त्याला मोठे बाबा परत येणार हे ठाऊक होते, आणि त्याने बोटे त्याच हिशेबाने धरली. मोठ्या बाबांनी तो भाव आजतागायत घरात सांगितलेला नाही.

मी नागपूरला निघाले त्या दिवशी यवतमाळहून येणारी छोटी रेल्वे मला मूर्तिजापूरला, नागपूरच्या गाडीपाशी, सहज सोडू शकली असती. पण मोठ्या बाबांना दोन्ही संचांची चाचणी घ्यायची होती, निदान त्यांनी कारण तरी तेच दिले. जीपमध्ये माझी ट्रंक, वळकटी, ज्वारीचे अर्धे पोते, चिवड्याचे, लाडूंचे आणि पापडांचे डबे, लोणच्याची बरणी, गाळण्याची दोन फडकी आणि या सर्वांवर लक्ष ठेवायला मोठी आई बसली. वाटेत एका पाणंदीत मुद्दाम गाडी घालून मोठ्या बाबांनी चिखल शोधला, लिव्हर ओढला, बाहेर आले आणि कडक रस्त्यावर एका बोटाने परत ढकलला. "मख्खन," ते म्हणाले, आणि त्या एका शब्दासाठी पाणंदीतून दोनदा जाऊन आले. ती अंतरे मी मीटरच्या मोजणीतून वजा केली.

नवे दात आणि नवे टायर एकत्र धरले, तर मीटर आता खऱ्या अंतराच्या शंभरात सुमारे साडेशहाण्णव दाखवायला हवा होता. मी कारंज्याच्या बाहेरच्या दगडापासून बत्तीस किलोमीटर मोजले, म्हणजे वीस मैलांना किंचित कमी. मीटरवर एकोणीस पूर्णांक दोन दिसायला हवे होते. आकडा थोडा जास्त निघाला. भार वाढला की टायर दबतात, त्यांचा घेर घटतो, आणि तेवढ्याच रस्त्याला चाकांच्या फेऱ्या जास्त लागतात. मोठ्या आईने जीपमध्ये काय काय भरले होते ते मी पुन्हा एकदा मोजले, आणि दुरुस्ती न करता मीटरवर जे दिसत होते तेच लिहिले : १९.३.